एकशे वीस कोरे फॉर्म

१

डॉ. रेश्मा गुंजाळांनी तिसरी बॉक्स फाईल उघडली आणि तशाच उभ्या राहिल्या. पहिली उघडली तेव्हा त्यांना वाटलं होतं, चुकून दुसरीच फाईल हाती आली. दुसरीच्या वेळी कपाळाला आठी पडली. आता तिसरीतही तेच. वर आरतीच्या अक्षरातलं लेबल, पट्टी घट्ट ओढलेली, आणि आत कोरे फॉर्म. एकावरही शाईचा टिपका नाही.

"दहातोंडे सर, जरा इकडे या," त्या म्हणाल्या. आवाज दबका होता. दारात संस्थेचे सचिव आप्पासाहेब यांचा कारकून उभा होता.

अंगद दहातोंडे आपल्या टेबलावरून उठले. नगरपासून बारा किलोमीटरवरच्या या मेडिकल कॉलेजात ते बावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवत होते. सामाजिक वैद्यकशास्त्र विभागात सगळे डॉक्टर, एकटे दहातोंडे एमएस्सी. नेवाशाच्या शेतकऱ्याचा मुलगा, आकड्यांत डोकं चालायचं म्हणून इथवर आला. पण कँटीनमध्ये नवा इंटर्नसुद्धा 'डॉक्टर' म्हणवून घ्यायचा आणि हे मात्र 'ते आकडेवाले सर'. सगळ्यांचे प्रबंध त्यांच्या हातून जात आणि त्यांचं नाव आभारांत खालून दुसऱ्या ओळीत येई. या गोष्टीचा सल त्यांना होता. तो लपवायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

त्यांनी फाईल हातात घेतली आणि सवयीने फॉर्म मोजले. चाळीस. दुसरीत चाळीस. पहिलीतही चाळीस.

"एकशे वीस," ते म्हणाले. "जेवढे भरलेले गेले, तेवढेच कोरे ठेवलेत. मोजून."

भिंतीशी आरती बडे उभी होती. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला, पाथर्डीच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातली. आईबाप ऊसतोडीला जाणारे. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत विद्यार्थ्यांनी एका शिक्षकाच्या हाताखाली छोटं संशोधन करायचं, अहवाल दिल्लीला पाठवायचा, तो मंजूर झाला की प्रमाणपत्र, अशी एक योजना असते. कॉलेजातून त्या वर्षी दोघांचीच निवड झाली होती. त्यातली ही एक. तीन गावांतल्या ऊसतोड करणाऱ्या एकशे वीस बायकांचं रक्त तपासून त्यांची मूत्रपिंडं कशी आहेत ते तिने पाहिलं होतं. मे महिन्याच्या उन्हात घरोघर फिरून भरलेले ते फॉर्म. प्रत्येकावर नाव, आणि संमतीचा अंगठा किंवा सही. एकवीस बायकांचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. म्हणजे रक्त गाळायचं काम मूत्रपिंडाला आता पेलत नव्हतं.

अहवाल शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा होता. आणि आज सोमवार.

"मूळ फॉर्म विभागात आहेत असं मला लिहून द्यावं लागतं," डॉ. रेश्मा म्हणाल्या. "नसतील तर अहवाल बाद. पोलीस नकोत, सर, कॉलेजची अब्रू जाईल. तुम्ही शोधा. खोटे आकडे तर तुम्ही बरोबर पकडता."

दहातोंड्यांनी आरतीकडे पाहिलं. पोरगी रडत नव्हती. फायलींकडे बघतही नव्हती. ती बघत होती दारातल्या कारकुनाकडे.

२

कॉलेजात दुपारपर्यंत सगळ्यांनी एकच नाव घेतलं. रविराज म्हस्के.

तो योजनेतला दुसरा विद्यार्थी. दोघांतल्या चांगल्या अहवालाला पुण्याच्या परिषदेत मांडायची संधी मिळणार होती, आणि ती आरतीलाच मिळणार हे झाडूवाल्यांनाही माहीत होतं. कपाटाची किल्ली डॉ. रेश्मांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असे. कुणीही घ्यावी.

दहातोंड्यांनी त्याला बोलावलं. फॉर्मविषयी मात्र अवाक्षर काढलं नाही. त्यांनी त्याच्याच अभ्यासाचा कागद समोर ठेवला. दोनशे रिक्षावाल्यांचा रक्तदाब.

"हे कोणत्या यंत्रावर मोजलंस?"

"पाऱ्याच्या, सर. विभागातलंच नेलं होतं."

"त्याच्यावर रेघा किती-किती अंतरावर असतात?"

रविराजने ओठांवरून जीभ फिरवली. "दोन-दोन."

"मग एकशे सतरा कुठून आला? हा एकशे तेवीस? हा एकशे एकतीस? दोनशेतले शहाण्णव आकडे विषम आहेत, रविराज. त्या यंत्रावर विषम आकड्याला रेघच नसते. तू रिक्षास्टँडवर किती दिवस गेलास?"

रविराजने समोरचा कागद हळूच बाजूला सरकवला.

"दोन दिवस," तो म्हणाला. "तिथं कुणी थांबतच नव्हतं सर. मग होस्टेलवर बसून भरले."

"सगळे?"

"तीस-पस्तीस खरे आहेत." त्याचा चेहरा उतरला होता, पण एकदम त्याने मान वर केली. "पण सर, आरतीचे फॉर्म मी कशाला चोरू? चोरी झाली की सगळी कपाटं उघडणार, सगळे मूळ फॉर्म तपासले जाणार. माझ्या फॉर्मवरच्या दीडशे सह्या एका हाताच्या आहेत. कपाटाकडं कुणाचं लक्षच जाऊ नये म्हणून मी रोज देवाला हात जोडत होतो."

दहातोंड्यांना त्याचं म्हणणं पटलं आणि पटलं म्हणूनच राग आला. शिवाय एक गोष्ट होती. दोघांचंही विश्लेषण त्यांच्याच संगणकावर चाललं होतं. आरतीचे सगळे आकडे तिथे भरलेले आहेत, फक्त नावाऐवजी अनुक्रमांक आहेत, हे रविराजला पक्कं माहीत होतं. ज्याला तिचा अभ्यास बुडवायचा, तो संगणकाला हात लावल्याशिवाय राहिला नसता. आकडे जागच्या जागी होते. गेली होती ती नावं.

"अजून एक सांगू का सर?" रविराज दारात थांबून म्हणाला. "शनिवारी दुपारी आरतीचं आणि मॅडमचं जोरात वाजलं. याच खोलीत. मॅडम म्हणत होत्या, नाही दिलेस तर मी स्वतः घेईन."

३

"हो, म्हणाले मी तसं," डॉ. रेश्मांनी लपवालपवी केली नाही. चाळिशीची, कामाला वाघ अशी बाई. संगमनेरहून रोज ये-जा करायच्या. "आप्पासाहेबांना त्या एकवीस बायकांची नावं हवी होती. त्यांच्यासाठी शिबिर घ्यायचं म्हणाले. औषधं, तपासण्या, सगळं मोफत. यात वाईट काय आहे?"

"आरती काय म्हणाली?"

"संमतीपत्र वाचून दाखवलं मला! 'तुमचं नाव कुणालाही सांगणार नाही.' मीच लिहिलेलं वाक्य, मलाच. म्हणाली, आप्पासाहेब कारखान्याच्या संचालक मंडळावर आहेत. नावं कारखान्यात गेली की मुकादमाकडं जातील. आजारी बाईला मुकादम टोळीत घेत नाही. आणि बाईला नाही घेतलं की नवऱ्यालाही नाही, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात."

"खरं आहे ते."

"असेल. पण क्रिएटिनिन तीनच्या घरात गेलेली बाई ऊस तोडायला गेली तर मरेल, सर! तिला थांबवायला नको? मी डॉक्टर आहे. मी काय करायचं, वाक्य पाळत बसायचं?"

दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या. आकड्यांत असं होत नाही.

"एक विचारतो, रागावू नका. फॉर्म तुम्ही काढून घेतलेत?"

डॉ. रेश्मा कडवटपणे हसल्या. "कपाट माझं, किल्ली माझी. मला नावं हवी असती तर मोबाईलवर एकवीस फोटो काढायला दहा मिनिटं लागली असती. चोरायचं कशाला? आज सकाळी मी तेच करायला कपाट उघडलं होतं. आप्पासाहेबांना आत्तापर्यंत मी फक्त तुम्ही केलेला तो तक्ता पाठवलाय, शुक्रवारी. त्यात नावं कुठं होती?"

"नव्हती," दहातोंडे म्हणाले. "मी तपासून दिला होता."

ते उठले. दारापर्यंत जाऊन थबकले. डॉ. रेश्मांचं एक वाक्य त्यांच्या डोक्यात अडकलं होतं. ज्याला नावं हवीत, त्याला फोटो पुरतो. ना आप्पासाहेबांच्या माणसाला मूळ कागदांचा भारा लागतो, ना मुकादमाच्या. मूळ कागद उचलून नेणाऱ्याला नावं नकोच होती. ती इतर कुणाला मिळू नयेत, एवढंच त्याला हवं होतं.

"शुक्रवारपर्यंत सापडले नाहीत," पाठीमागून डॉ. रेश्मा म्हणाल्या, "तर आरतीवर चौकशी बसेल. निष्काळजीपणाची. मला तसं लिहावंच लागेल."

४

मंगळवारी सकाळी झुंबरबाई फरशी पुसायला आल्या तेव्हा दहातोंडे ते कोरे फॉर्म टेबलावर पसरून बसले होते. झुंबरबाई मूळच्या कर्जतच्या, विभागात अठरा वर्षं शिपाई. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. पण त्यांना कुणी काही विचारत नसे.

"सर, माझ्यावर तर वहीम न्हाई ना?"

"तुमच्यावर कशाला?"

"तसं न्हाई, किल्लीचा खिळा रोज मीच पुसती. काई हरवलं की पयलं आमालाच बघत्यात."

"झुंबरबाई, असे कोरे फॉर्म कुठं ठेवलेले असतात?"

"तुमच्याच कपाटात की. खालच्या कप्प्यात."

दहातोंड्यांनी कालच तो कप्पा पाहिला होता. गठ्ठा सीलबंद होता, एकही कागद कमी नव्हता. मग हे एकशे वीस आले कुठून? त्यांनी एक फॉर्म उचलला आणि पहिल्या प्रश्नापासून वाचायला सुरुवात केली. नाव. गाव. वय. मुलं किती. किती हंगाम ऊसतोड केली. अंगदुखीच्या गोळ्या किती दिवसांनी घेता. असं करत ते चौदाव्या प्रश्नावर आले आणि त्यांचं बोट तिथेच थांबलं.

चौदावा प्रश्न होता, 'फडात असताना दिवसभरात पाणी किती पिता?' खाली तीन पर्याय. भरपूर, थोडं, अजिबात नाही.

खऱ्या फॉर्मवर चार पर्याय होते. चौथा आरतीने हट्टाने घालायला लावला होता. 'लघवीला आडोसा नसतो म्हणून पीत नाही.' पहिल्या छपाईत तो राहून गेला, तेव्हा ती छापखान्याशी भांडली होती आणि सगळे फॉर्म पुन्हा छापून घेतले होते. अभ्यासात सगळ्यात मोठा आकडा त्याच पर्यायासमोर आला होता.

"झुंबरबाई, एप्रिलमध्ये चुकीचे छापलेले फॉर्म आले होते. ते कुठं गेले?"

"ती रद्दी व्हय? मी इकायला काढली हुती. पन आरती म्हनली, मावशी, मागची बाजू कोरी हाय, मला पाठांतर लिवायला द्या. मीच दोन खेपा करून तिच्या खोलीवर नेऊन टाकली." झुंबरबाई थांबल्या. त्यांनी टेबलावरच्या फॉर्मकडे पाहिलं, मग दहातोंड्यांच्या चेहऱ्याकडे. हातातलं फडकं बादलीत सोडलं.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "मी बोलायला नको हुतं का?"

५

आरती ग्रंथालयात मागच्या टेबलाशी बसलेली होती. दहातोंड्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि चौदावा प्रश्न वर येईल असा एक फॉर्म तिच्यापुढे ठेवला.

"फाईल उघडली तेव्हा तू एक गोष्ट विचारली नाहीस," ते म्हणाले. "दोन महिन्यांचं काम गेलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, सर, तुमच्या संगणकावरचे आकडे तरी आहेत ना? तू काल विचारलं नाहीस, आजही नाही. तुला माहीत होतं की आकड्यांना कुणी हात लावलेला नाही. रविराज चोरी ओढवून घेणार नाही. मॅडमना चोरायची गरज नाही. आणि हे फॉर्म तुझ्या खोलीतले आहेत."

आरतीने फॉर्म उलटा करून ठेवला.

"शनिवारी संध्याकाळी घेतले," ती म्हणाली. "मॅडम त्या रात्री किंवा रविवारी कपाट उघडून बघतील, फाईल हलकी लागेल, म्हणून हे भरले. मला फक्त रविवार हवा होता."

"जाळलेस?"

"सर!" पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं काम आहे ते. जाळीन कशी? ज्यांचे त्यांना परत दिले. तिन्ही गावांत अंगणवाडीत बायकांना बोलावलं. प्रत्येकीचा अंगठा तिला दाखवला आणि सांगितलं, हा तुझा कागद, तुझ्याजवळ ठेव, कुणाला दावू नको. त्या एकवीस जणींना बाजूला घेऊन सिव्हिलची चिठ्ठी दिली. माझी चुलती आहे त्यात, छबूबाई. तिचं दोन पॉईंट नऊ आहे. ती म्हणाली, आरते, तू शिकली ते बरं झालं."

"तुझा अहवाल बाद होईल. चौकशी बसेल."

"माहितीये. मॅडम वाईट नाहीत, सर. त्यांना खरंच वाटतं शिबिर होईल. पण त्यांनी बायकांना विचारलं नाही ना. मी विचारलं होतं. नाव सांगणार नाही म्हणून अंगठे घेतले होते मी."

बावीस वर्षांत दहातोंड्यांच्या हातून पाच-सहाशे प्रबंध गेले होते. संमतीपत्रावरचं ते वाक्य प्रत्येकात असायचं आणि ते कुणी खरंच पाळायचं असतं, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांना या पोरीचा अभिमान वाटला. आणि आपण तिला पकडलं याची लाज.

"मी कुणाला काही सांगणार नाही," ते म्हणाले. "नावं सुरक्षित आहेत ना, झालं तर."

आरतीचा मोबाईल थरथरला. तिने नाव पाहिलं. "चुलतीच आहे." तिने तो कानाला लावला. पलीकडचा आवाज एवढा चढा होता की दहातोंड्यांनाही शब्द कळले.

"आरते, तू तर म्हनली हुती कुनाला कळनार न्हाई. मुकादम येऊन गेला आत्ता. त्याला समदं ठावं हाय."

६

बुधवारी सकाळच्या एसटीने दोघं गावाला गेले. पाथर्डी सोडल्यावर आरती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत?" दहातोंड्यांनी नकारार्थी मान हलवली. तिचा विश्वास बसला की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

छबूबाईंचं घर गावाच्या कडेला होतं. पस्तिशीची बाई, पण पन्नाशीची दिसत होती. पायांवर सूज होती. तिने पत्र्याच्या पेटीतून घडी घातलेला फॉर्म काढून दाखवला.

"ह्यो बघा. हाललासुदिक न्हाई पेटीतून. आमच्यातल्या कुनीच दावला न्हाई. मी समद्यांला इचारलं."

"मग मुकादमाला कसं कळलं?" आरतीने विचारलं.

"कानिफनाथ मुकादम पारावर बसला. मोबाईल काडला आन् वाचाया लागला. म्हनला, ह्या गावात एक बाई हाय, वय पस्तीस, लेकरं तीन, बारा हंगाम झालेत, गर्भाची पिशवी काडलेली. कोन हाय ती? तितं बसलेल्या मानसांनी लगीच सांगितलं, आरतीच्या चुलत्याची छबू. दुसरी कोन असनार? मंग म्हनला, एक अठ्ठावीस वर्साची, लेकरं पाच, सात हंगाम. पोरंसुदिक वरडली, विजयमाला! असं करीत आट बाया काडल्या त्यानं. नाव त्यानं एक बी घेतलं न्हाई. आमच्याच मानसांनी घेतली."

वय. लेकरं. हंगाम. शस्त्रक्रिया. हाच क्रम. डाव्या बाजूला अनुक्रमांक आणि गाव, उजवीकडे शेवटच्या रकान्यात क्रिएटिनिन. तो तक्ता दहातोंड्यांनी गुरुवारी दुपारी केला होता, डॉ. रेश्मांनी मागितला म्हणून. एकवीस ओळी. छान आखलेला. नाव एकही नाही, हे त्यांनी दोनदा तपासलं होतं. शुक्रवारी तो आप्पासाहेबांकडे गेला. सोमवारी नावं मिळाली नाहीत, तेव्हा कार्यालयातल्या कुणीतरी तोच पुढे पाठवला असणार. मग व्हॉट्सॲपच्या या गटातून त्या गटात करत तो मुकादमांच्या मोबाईलवर पोचला.

चाळीस ऊसतोड बायकांच्या गावात पस्तीस वर्षांची, तीन लेकरांची, बारा हंगाम केलेली बाई एकच असते. तिला नाव लागत नाही. ही गोष्ट ते दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत. गट लहान असेल तर रकाने कमी करा. फळ्यावर लिहून द्यायचे. स्वतः तक्ता करताना मात्र त्यांनी एकही रकाना गाळला नाही, कारण पूर्ण तक्ता देखणा दिसत होता आणि डॉ. रेश्मा म्हणाल्या होत्या, "सर, तुमचं काम म्हणजे काम."

"आरती," ते म्हणाले. "तो माझा तक्ता आहे."

आरतीला एका क्षणात सगळं समजलं. तिने तो तक्ता पाहिलेला होता. ती ओट्यावरून उठली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. छबूबाईंना मात्र काही कळलं नाही. त्या एकदा पुतणीकडे आणि एकदा या पाहुण्याकडे बघत राहिल्या. दहातोंड्यांनी त्यांना समजावून सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. एसटीची वेळ झाली म्हणून ते निघून आले.

७

गुरुवारी त्यांनी डॉ. रेश्मांना सगळं सांगितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. मग म्हणाल्या, "पण त्यात नावं नव्हती ना, सर?" हेच वाक्य एसटीत दहातोंड्यांनी स्वतःलाच किती वेळा ऐकवलं होतं. आप्पासाहेबांना विचारायला दोघं गेले, तेव्हा आप्पासाहेब सभेत होते. शिबिर पुढे झालंच नाही.

शुक्रवारी पाच वाजता आरतीचा अहवाल न पाठवताच मुदत संपली. तिने स्वतः लेखी दिलं की फॉर्म मी नेले आणि ज्यांचे त्यांना दिले. चौकशी समितीने तिला दोन वर्षं कुठल्याही संशोधनात भाग घ्यायला बंदी केली. दहातोंड्यांनी समितीपुढे आपल्या तक्त्याचं सांगितलं. समितीने ते ऐकून घेतलं आणि नोंद केली नाही, कारण अनुक्रमांक वापरून केलेला तक्ता नियमात बसत होता.

रविराजच्या अहवालावर सही करायला त्यांनी नकार दिला. विषम आकड्यांचा कागद लावून तसं लेखी दिलं. रविराजच्या मार्गदर्शकांनी दुसऱ्या कॉलेजच्या संख्याशास्त्रज्ञाची सही आणली. सप्टेंबरात त्याचा अहवाल मंजूर झाला. प्रमाणपत्र घेतानाचा त्याचा फोटो कॉलेजच्या दर्शनी भागात लागला आणि पुण्याच्या परिषदेलाही रविराजच गेला.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी दहातोंडे एकटेच गावाला गेले. टोळ्या निघायच्या दिवसांत गाव नुसतं हललेलं असतं. गाड्या भरल्या जात होत्या, चुली, भांडी, शेळ्या, सगळं वर चढत होतं. आरतीच्या आईकडून त्यांना कळलं की तिन्ही गावांतल्या एकवीसपैकी सोळा बायकांना कुठल्याच मुकादमाने घेतलं नाही. सिव्हिलला गेल्या त्या फक्त चौघी. छबूबाईंच्या नवऱ्याला मुकादम म्हणाला, जोडीला दुसरं कोण देतोस ते बोल. त्याने थोरली पोरगी दिली. मोनिका, दहावीत होती.

छबूबाई दारात बसून पोरीचं गाठोडं बांधत होत्या. दहातोंडे समोर टेकले आणि या खेपेला त्यांनी सगळं सांगितलं. तक्ता कसा केला, कुणाला दिला, कुठून कुठे गेला. आरतीची यात काही चूक नाही, तिने शब्द पाळला, मोडला तो मी. हेही सांगितलं.

छबूबाईंनी गाठ मारायचं न थांबवता ऐकून घेतलं.

"मंग आता त्या मोबाईलमधून आमाला काडता येतं का?"

"नाही."

"पुढल्या सालीबी त्यो वाचंल?"

"वाचेल. कदाचित."

"मंग ह्ये सांगाया कशापायी आलात?"

दहातोंड्यांनी तोंड उघडलं. मला राहवलं नाही, असं सांगणार होते. पण ते त्यांचं त्यांनाच फार हलकं वाटलं. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. मोनिका आतून शाळेच्या निळ्या ओढणीने डोकं बांधून आली आणि हातात कोयता घेऊन आईजवळ उभी राहिली.

"सर, जरा उठता का," छबूबाई म्हणाल्या. "तुमी बसलाव ते पोतं गाडीत टाकायचं हाय."